सोनेरी हेल्मेटचे तीन आठवडे

सोमवार, ९ सप्टेंबर

क्लबने यंदा मनाची तालीम घेणारी एक बाई नेमली आहे. तिने प्रत्येकाला एक निळी वही दिली आणि मनात येईल ते लिहा म्हणाली. लूकासने पहिल्याच पानावर गाडीचं चित्र काढलं. आमचा गोलकीपर आर्त्तू म्हणाला, माझ्या मनात काही नसतं, आणि वही परत देऊन टाकली. मीच एक शहाणा, ती घरी घेऊन आलो.

तर लिहितो. नाव यार्नो केतोला, वय चौतीस, धंदा आईस हॉकी. कोस्किनिएमीच्या क्लबात सातवं वर्ष, देशातल्या दुसऱ्या दर्जाच्या स्पर्धेत, चौथ्या फळीत. पाचवी फळी नसते. चौथीनंतर थेट घर.

यंदा मला अख्ख्या मोसमाचा करार नाही. मॅनेजर होल्मने ३१ ऑक्टोबरपर्यंतचाच दिलाय, पुढचं तेव्हा बघू म्हणाला. त्याच्याकडे एक कागद असतो, त्यावर प्रत्येकाच्या नावापुढे गुण. गोल मारला की एक गुण, गोलासाठी पास दिला की एक गुण. गेल्या वर्षी माझ्यापुढे तीन होते. पंचेचाळीस सामन्यांत तीन. होल्मने तो कागद फिरवून माझ्यापुढे सरकवला आणि मी तो दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखी मान हलवली.

माझं काम सांगायला गेलं तर अगदी साधं आहे. आमचा कुणी शिक्षेच्या बाकावर जाऊन बसला की बर्फावर आम्ही चौघे उरतो आणि समोर पाच. ते आमच्या गोलावर चकती मारतात, मी मध्ये लोटांगण घालतो. त्याला गुण नसतो. निळे डाग मात्र मिळतात. आमच्या फ्रीजरमध्ये गोठवलेल्या वाटाण्याच्या चार पिशव्या आहेत, अंग शेकायला, आणि त्यातला एकही वाटाणा आजवर कुणी खाल्लेला नाही.

३१ नंतरचं ठरलेलं आहे. काइसाचा बाप रेयो, म्हणजे माझे सासरेबुवा, कागदाच्या गिरणीतून निवृत्त झाल्यापासून टायरचं दुकान चालवतो. तो म्हणाला, "नोव्हेंबर लागला की हिवाळी टायरची झुंबड उडते, जावईबापू. तू अगदी वेळेवर मोकळा होतोयस." म्हाताऱ्याने माझ्या मापाची डांगरीसुद्धा आणून ठेवलीय. मी ती घालून बघितली नाही. मला हॉकी खेळायचीय. चौतिसाव्या वर्षीही दुसरं काही सुचत नाही, त्याला मी काय करू.

गुरुवार, १२ सप्टेंबर

काल पहिला सामना, आणि मी गोल मारला.

मारला म्हणजे काय, समोरच्या गोलकीपरच्या तोंडासमोर उभा राहून त्याची नजर अडवत होतो. मागून आपल्याच कुणीतरी चकती हाणली, ती माझ्या बुडावर बसली आणि तिथून आत गेली. मी खाली बघतोय चकती कुठे गेली, तर सगळे माझ्या अंगावर. ध्वनिक्षेपकावर माझं नाव नीट घेता आलं नाही, कारण ते घेण्याची सवयच नाही त्या माणसाला.

आज बसायला त्रास होतोय. वाटाण्याची पिशवी घेऊन बसलोय आणि तरी हसू थांबत नाही. काइसा म्हणाली, आजवर तुझ्या अंगाचा हाच एक भाग कोरा राहिला होता.

सोमवार, २३ सप्टेंबर

नीट बसून लिहायला हवं, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

चार सामने झाले आणि माझे पाच गुण. दुसरा गोल नडगीवरून. पुढचे तीन पासचे गुण, आणि ते कसे मिळाले हे मलाच धड माहीत नाही. आमच्या गोलाजवळून घाबरून चकती लांब फेकायची आणि कुणीतरी धावत जाऊन ती आत घालायची, असं दोनदा झालं. तिसऱ्या वेळी चकती माझ्या स्टिकला लागली की शेजारच्याच्या, पंचांनी माझं नाव लिहिलं. मी काही बोललो नाही. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो, तिथे खाली उभं राहून तक्रार कशाला?

आमचा खरा गोल मारणारा लूकास, बावीस वर्षांचा आणि वाऱ्यासारखा, पहिले तीन सामने तापाने अंथरुणात होता. म्हणून आज घडीला क्लबात सगळ्यात जास्त गुण माझे. आणि ज्याचे सगळ्यात जास्त गुण, त्याने सोनेरी हेल्मेट घालायचं हा देशभरचा नियम. नको म्हटलं तर क्लबला दंड होतो. नको कोण म्हणतंय म्हणा.

बुधवारी मी सोनेरी हेल्मेट घालणार. मी, चौथ्या फळीतला. काइसाला फोन केला तेव्हा ती वर्गात शिकवत होती. तिने तो फोन मुलांसमोर मोठ्याने लावला आणि अख्ख्या तिसरीने माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.

गुरुवार, २६ सप्टेंबर

हेल्मेट डोक्याला थोडं सैल होतं, आत बोळा घातला.

बर्फावर उतरताना वाटलं की आतापर्यंत मी सात वर्षं अंधारात खेळत होतो. सगळे बघतात. समोरचे बघतात, पंच बघतात, सॉसेज विकणारी बाई बघते. कुणीतरी मला चकती पासही केली, गुण मात्र नाही. सामना आम्ही हरलो, चार-तीन, पण अगदी थोडक्यात.

होल्म खाली आला आणि माझा हात हातात घेऊन हलवला. आमचे कोच आह्ती यांना तो माझ्यादेखत म्हणाला की सोनेरी हेल्मेट असलेला माणूस मागे राहून लोटांगणं घालतो हे बरं दिसत नाही, याला पुढे खेळव, पहिल्या फळीत. आह्ती कमी बोलणारा. बर्फाकडे बघतच बरं म्हणाला. माझ्या जागी मागे एक नवा पोरगा टाकणार आहेत.

मला होल्मचं पटलं. सोन्याचं डोकं घेऊन जमिनीवर लोळणं शोभत नाही.

मंगळवार, १ ऑक्टोबर

क्लबला पैसा पुरवणाऱ्या सॉसेजवाल्याने सुपरमार्केटात माझा पुठ्ठ्याचा पुतळा उभा केलाय. सोनेरी हेल्मेट, हातात सॉसेज. मी आज तीनदा दूध आणायला गेलो. तिसऱ्या वेळी काइसा म्हणाली की आता घरात मांजर पाळायला लागेल. बाजारातल्या कॉफीच्या टपरीवर माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. दोन वर्षांपूर्वी याच टपरीवाल्याने मला विचारलं होतं की तू रिंकचा बर्फ साफ करणारा ना?

सरावानंतर मी आता एक तास जास्त थांबतो आणि कोपऱ्यात चकत्या मारतो. नवी स्टिकही मागवली, जरा लांब, लूकाससारखी. लूकास म्हणाला, "काका, ती तुझ्या मापाची नाही." पोरगं जळतंय. स्वाभाविक आहे.

आणि एक नवल. अंगावर एकही डाग नाही. काल सौनाच्या वाफेत बसलो तर मी मैद्याच्या गोळ्यासारखा पांढरा. काइसा माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, बराच वेळ. म्हणाली, "सात वर्षांनी हात ठेवायला जागा सापडली." आज तिने फ्रीजरमधले वाटाणे काढून माशाबरोबर शिजवले. जरा जुनाट लागले, पण संपवले.

रविवार, ६ ऑक्टोबर

शुक्रवारी हरलो, पाच-दोन. शनिवारी हरलो, सहा-चार. मला दोन पासचे गुण. सात झाले.

एक गोष्ट खटकते म्हणून लिहितो. आमच्यात एक जुनी टोपी आहे, नदीतून लाकडं वाहून नेणाऱ्या मजुरांची, कुणाच्या तरी आजोबांची. सामना जिंकला की पोरं आपसात ठरवून ती एकाच्या डोक्यावर ठेवतात. होल्मचा आणि आह्तीचा त्यात काही संबंध नाही. गेल्या मोसमात ती मला नऊ वेळा मिळाली. बिचाऱ्याला गुण नाहीत, निदान टोपी तरी द्या, असा त्यांचा विचार असावा आणि मीही ती तशीच घ्यायचो. यंदा पहिल्या चारांतले तीन सामने जिंकलो, माझे पाच गुण, आणि टोपी एकदाही नाही. बुडाने गोल केला त्या दिवशीसुद्धा टोपी मला दिली नाही, नव्या पोराला दिली. सोनं असल्यावर आणखी टोपी कशाला, असं त्यांना वाटलं असेल.

रविवार, १३ ऑक्टोबर

पुन्हा दोन सामने हरलो. आता आम्ही जवळजवळ तळाला आहोत, खाली फक्त एक क्लब. पेपरात लिहिलंय की कोस्किनिएमीचा बचाव चाळणी झालाय. मला वाचून खूप वाईट वाटलं. मी आह्तीला म्हटलंही की बचाववाल्यांनी आता कंबर कसायला हवी. तो माझ्याकडे असा बघत राहिला की मला वाटलं त्याला काही आठवत नाहीये.

आर्त्तूचं काहीतरी बिनसलंय. तो मुळातच मुका, पण आता त्याचं मुकेपण वेगळं आहे. काल सौनात माझ्या समोरच्या फळीवर बसला होता. मानेपासून मांडीपर्यंत निळा-जांभळा. एवढी जाड गादी बांधून खेळतो तरी ही अवस्था. मी विचारलं, घरी सगळं ठीक ना? तो ठीक म्हणाला. मी विचारलं, गुडघा दुखतोय का? तो नाही म्हणाला. मग म्हणाला, "फार चकत्या येतात." मी म्हटलं, गोलकीपरला चकत्या येणारच, त्यात काय एवढं. त्याने दगडांवर एवढं पाणी ओतलं की वाफेने मला बाहेर पळावं लागलं.

उरलेल्या वाटाण्याच्या दोन पिशव्या त्याला नेऊन दिल्या. मला आता लागत नाहीत.

करार मात्र पक्का दिसतोय. होल्मने काल स्वतःहून विचारलं की दोन वर्षांचा चालेल का. मी चेहरा साधा ठेवला आणि विचार करतो म्हणालो. गाडीत बसून काचा वर केल्या आणि ओरडलो. अजून दोन वर्षं! टायरच्या दुकानातली डांगरी झुरळं खाऊ देत.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

हरभऱ्याच्या झाडावर चढलो होतो, ते झाड मोडलं.

स्पर्धेच्या कचेरीतल्या लोकांनी सप्टेंबरच्या सामन्यांच्या चित्रफिती पुन्हा तपासल्या. माझा नडगीचा गोल माझ्या नडगीचा नव्हताच, तो शेजारच्याच्या गुडघ्याचा निघाला. दोन पासही दुसऱ्यांच्या नावावर गेले. सातातले तीन वजा. राहिले चार. लूकासचे सहा झालेत.

आज सकाळी सामान सांभाळणाऱ्याने माझ्या खुंटीवरून हेल्मेट काढून लूकासच्या खुंटीवर ठेवलं. आतला बोळा काढून माझ्या हातात दिला. लूकास माझ्याकडे न बघता म्हणाला की हे असं व्हायला नको होतं, काका. त्याच्या डोक्याला ते चपखल बसतं.

आह्तीने मला चौथ्या फळीत परत टाकलं. नव्या पोराचं मनगट मुरगळलंय म्हणून मागचं कामही पुन्हा माझ्याकडे. त्याने हे सांगितलं तेव्हा तो जवळजवळ हसला. माझ्या पडण्यावर इतकं खूश व्हायला नको होतं त्याने.

सुपरमार्केटातून पुतळाही हलवलाय. दूध न घेताच परत आलो.

रविवार, २० ऑक्टोबर

शुक्रवारी दोन-एक जिंकलो. माझे गुण शून्य. डावी मांडी गेली, उजव्या कोपराला टेंगूळ. काल तीन-एक जिंकलो. गुण शून्य. बरगड्या.

दोन्ही वेळा पोरांनी ती जुनी टोपी माझ्या डोक्यावर घातली. दया आली असणार. मी घेतली, पण मनातून ओशाळलो. तुझं सोनं गेलं, घे ही लाकूडतोड्याची टोपी.

काइसाने रात्रीचा पायजमा वर करून मांडी बघितली आणि थेट दुकानात गेली. वाटाण्याच्या सहा पिशव्या घेऊन आली.

शनिवार, २६ ऑक्टोबर

बुधवारी एक-शून्य जिंकलो, काल चार-दोन. माझे शून्य आणि शून्य. आर्त्तूचं मात्र फळफळलं. पेपरात आठवड्याचा सर्वोत्तम गोलकीपर म्हणून फोटो. मला खरंच आनंद झाला, एवढा दमला होता बिचारा. मी त्याला म्हटलं, तुझं काय गुपित आहे ते मलाही सांग. त्याने पेपरची घडी करून माझ्या खिशात कोंबली आणि तो निघून गेला. गोलकीपर सगळे थोडे चक्रमच असतात.

अजून एक सामना, बुधवारी. एखादा गोल पडला तर होल्मला काहीतरी दाखवता येईल. एकच.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

कालचा सामना. शेवटचं दीड मिनिट, आम्ही दोन-एकने पुढे, आमचा एक शिक्षेच्या बाकावर. समोरच्यांनी गोलकीपर काढून आणखी एक हल्लेखोर आणला. म्हणजे ते सहा, आम्ही चार, आणि मैदानाच्या पलीकडच्या टोकाला त्यांचा गोल उघडा. त्यांच्या सगळ्यात तगड्या माणसाने चकती हाणायला स्टिक उचलली. मी पडलो. चकती पायाच्या चवड्यावर लागली आणि उडून बाहेर, मोकळ्या बर्फावर. पुढे कुणीही नाही. मी उठून धावलो असतो तर उघड्या गोलात घालायला फक्त ढकलायची होती. एक गुण, माझा.

उठलो. मागे वळून बघितलं तर आर्त्तूसमोर दोघे मोकळे उभे. चकती फिरून त्यांच्या हातात गेली असती तर आर्त्तू एकटा. मी गेलो नाही, मागे फिरलो आणि पुन्हा पडलो, चकती डाव्या खांद्यावर. आणि पुन्हा. जिंकलो. बाकावर आमची पोरं स्टिका कठड्यावर बडवत होती, थांबायलाच तयार नव्हती. मला वाटलं लूकासने काहीतरी केलं असेल.

आज दहा वाजता होल्मकडे गेलो, लंगडत. कागद टेबलावरच होता. शेवटच्या पाच सामन्यांत शून्य. तो वाईट माणूस नाही, त्याने मला कॉफी दिली. म्हणाला की संघ जिंकतोय हे खरं, पण ते आर्त्तूमुळे आणि लूकासमुळे. चौथ्या फळीसाठी स्वस्तात वीस वर्षांचा मुलगा मिळतोय. कागदावर तुझ्यासारखं काहीच दिसत नाही, यार्नो, मी वर काय सांगू? मी म्हटलं, बरोबर आहे. कॉफी संपवली. कप विसळून ठेवला, का कुणास ठाऊक.

खोलीतून सामान घेतलं. पोरं सरावाला आली होती. मी सगळ्यांशी हात मिळवले.  आर्त्तूने हात सोडलाच नाही बराच वेळ, मग विचारलं, "उद्या कुठे असशील?" मी म्हटलं, सासऱ्याकडे, टायर बदलत. त्याने मान डोलावली.

घरी काइसा स्वयंपाकघरात उभी होती. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ते सोन्याचे तीन आठवडे मला फार आवडले, यार्नो. तू न कण्हता कूस बदलायचास. म्हणून आत्ता ऐकलं तेव्हा आधी वाटलं, सुटले. आणि मग तुझं तोंड बघितलं." एवढं बोलून ती रडायला लागली आणि मग मीही. बाहेर यंदाचा पहिला बर्फ पडायला लागलाय. रेयोचा फोन आला होता. म्हणाला, उद्या सातला ये, झुंबड उडणार.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

अक्षर वाकडं येतंय त्याला इलाज नाही. का ते पुढे कळेल.

सातला दुकानात पोचलो. डांगरी बरोबर मापाची निघाली, याचंच जास्त वाईट वाटलं. रात्रभरात वीतभर बर्फ पडला होता आणि अख्खं गाव उन्हाळी टायरवर घसरत आमच्या दाराशी. साडेदहापर्यंत मी नऊ गाड्या केल्या. एका पायावर.

साडेदहाला आर्त्तूची गाडी आली. मग लूकासची. मग बचाववाल्यांच्या दोन. बघता बघता अंगणात अकरा गाड्या आणि त्यांत अख्खा संघ. मला भरून आलं. पहिल्या दिवशी गिऱ्हाईक म्हणून यायचं मनात आणलं पोरांनी, केवढा चांगुलपणा. घाई करा म्हटलं, एक वाजता तुमची बस सुटतेय, सहाला परगावी सामना.

तेवढ्यात रेयो बाहेर आला आणि म्हणाला की आधी सगळ्यांची चाकं काढायची. सगळ्यांची, चारही. बसवायचं नंतर बघू. मी त्याला समजावलं की असं कुणी करत नाही, एक गाडी पुरी करून मग दुसरी घ्यायची, नाहीतर सगळाच घोळ. तो म्हणाला, "जावईबापू, दुकान कुणाचं?" मला वाटलं म्हातारा आता उतरणीला लागला. पण पोरं स्वतःच पाने घेऊन भिडली. जॅक कमी पडले तेव्हा सरपणाचे ओंडके लावले. बारा वाजता अंगणात अकरा गाड्या चाकांशिवाय उभ्या, आणि संघ आत ओळीने बसून रेयोची कॉफी पितोय. वेलदोड्याचे पावसुद्धा होते, भरपूर. एवढे पाव त्याने पहाटेच का आणले असतील हे मला तेव्हाही सुचलं नाही.

साडेबाराला मी म्हटलं, निघा आता. कुणी हललं नाही. पावणेएकला आह्तीचा फोन लूकासला आला. लूकासने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. आह्तीने विचारलं कुठे आहात. लूकास म्हणाला, टायरच्या दुकानात, गाड्यांना चाकं नाहीत.  मग आह्ती म्हणाला, "बरं. मी होल्मला सांगतो. माझ्यासाठी एक पाव ठेवा."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. रेयोने गिरणीत असताना सहा वेळा संप पुकारून अख्खी पाळी कामावरून बाहेर काढली होती. हे कसं करतात ते त्याला झोपेतही माहीत. आर्त्तू काल संध्याकाळी त्याच्याकडे आला होता म्हणे आणि आयुष्यात पहिल्यांदा सलग दहा मिनिटं बोलला होता. मी म्हटलं, असलं काही करू नका, तुमचेही करार आहेत. कुणी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. एकाने मला बाजूला हो म्हटलं, कारण मी किटलीसमोर उभा होतो.

एकला होल्म आला. पायी. त्याची गाडी उन्हाळी टायरवर चढावर अडकली होती आणि तो ऑफिसच्या पातळ बुटांत बर्फातून चालत आला होता, गुडघ्यापर्यंत ओला. दारात उभा राहून त्याने आधी गाड्या बघितल्या, मग पोरं, मग मला. रेयोने त्याला खुर्ची दिली आणि कॉफी दिली. होल्म आर्त्तूला म्हणाला, ओरडून नाही, अगदी खरोखर विचारत, "मला एवढंच समजावून सांग. हा माणूस करतो काय? माझ्या कागदावर तर काहीच नाही."

आर्त्तूने कप खाली ठेवला. म्हणाला, "हा माझ्यासमोर असला की मला चकती दिसतच नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सात वर्षं मी त्याची नजर अडवत होतो आणि त्याने कधी अवाक्षर काढलं नाही. मी म्हटलं, "अरे, मग सांगायचंस की. मी सरकलो असतो."

"सरकला होतास," आर्त्तू म्हणाला. "तीन आठवडे." आणि त्याने सदरा वर केला.

डाग आता पिवळे पडलेत, पण सगळे आहेत. गळ्यापासून पोटापर्यंत. होल्म बघत राहिला. मीही बघत राहिलो. हे सगळे डाग माझ्या ओळखीचे होते, आकाराने, जागेने. माझेच होते ते. मी सोन्याचं डोकं घेऊन पुढे हिंडत होतो आणि माझ्या वाटणीचे हे घेत होता, आणि मी त्याला विचारत होतो की गुडघा दुखतोय का. मी टायरच्या चळतीमागे गेलो आणि तिथे उभा राहून मनसोक्त रडलो. पोरांना ऐकू जात होतं. त्यांनी कॉफी जोरजोरात ढवळली.

बाहेर आलो तेव्हा होल्मने करार काढला होता, मोसम संपेपर्यंतचा. म्हणजे कागद त्याच्या कोटात आधीपासूनच होता, आह्तीने फोनवर काय सांगितलं असेल ते तोच जाणे. टेबल नव्हतं, टायरवर ठेवून सही केली. होल्म म्हणाला की याचा हिशेब कागदावर कसा मांडायचा ते मला कुणीतरी शिकवा. रेयो म्हणाला, आधी पायमोजे वाळव.

मग गोंधळ. बस दुकानाशीच बोलावली. मी डांगरीतच चढलो, सामान काइसाने शाळेतून धावत येऊन खिडकीतून आत दिलं, वर वाटाण्याच्या दोन पिशव्या. तिने काचेवर हात ठेवला आणि हसली, आणि डोळे पुसले, दोन्ही एकदम. मागे अंगणात अकरा गाड्या ओंडक्यांवर आणि रेयो एकटा. तो शिव्या घालत होता आणि इतका खूश मी त्याला कधी बघितलेला नाही.

आता चार वाजत आलेत. बसमध्ये सगळे एकमेकांवर पाव फेकतायत. लूकास सोनेरी हेल्मेट उपडं करून त्यात शेंगदाणे वाटतोय. आह्ती पुढे बसून ओरडतोय की गप्प बसा, आणि स्वतःच हसतोय.

आर्त्तू माझ्या शेजारी झोपलाय. डोकं माझ्या डाव्या खांद्यावर, बुधवारी लागलं नेमकं त्याच जागी. खूप दुखतंय. मी सरकणार नाही.